पावसाळ्यात पोत्यातलं भात पाणी पितं

नोव्हेंबरच्या उन्हात खणखणीत वाळवलेलं भात ऑगस्टमध्ये दमट कसं होतं, हा प्रश्न अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडच्या घरांत दर पावसाळ्यात निघतो. कौल फुटलेलं नसतं, भिंतीला पाझर नसतो, उंदराने पोतं कुरतडलेलं नसतं. तरी पोत्यात कोपरापर्यंत हात घातला की आत कोमट लागतं. मूठ वर काढली तर चार-सहा दाणे एकमेकांना चिकटून येतात, त्यांच्यावर राखाडी-हिरवट भुकटी असते आणि कुबट वास बोटांना धरून राहतो. पावसाचा एक थेंब न पडता हे पाणी आलं कुठून? हवेतून.

धान्याचा दाणा हवेशी सतत देवाणघेवाण करत असतो. हवा कोरडी असली तर दाणा ओलावा सोडतो, हवा दमट असली तर ओढून घेतो. हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांच्या आसपास असेल तर भात १३ टक्के ओलाव्यावर स्थिर राहतं. ती ८५ टक्क्यांवर गेली, आणि आपल्या किनाऱ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये ती आठवडेच्या आठवडे तिथेच असते, की तेच भात हळूहळू १६ टक्क्यांकडे सरकतं. मग आकडेमोड करून पाहा. १३ टक्के ओलाव्याचं एक क्विंटल भात १६ टक्क्यांवर गेलं, तर त्याने साडेतीन लिटर पाणी प्यायलेलं असतं. बुरशीला आणि सोंडकिड्याला तेवढं पुरतं. एकदा दोघे सुरू झाले की त्यांच्या श्वासातून आणखी वाफ आणि आणखी उष्णता तयार होते. मघाचा तो कोमटपणा त्यातलाच.

म्हणूनच ‘धान्य कोरड्या, हवेशीर जागी साठवावं’ हा सल्ला मला आपल्या भागासाठी अर्धवट वाटतो. घाटावर तो बरोबर आहे. किनाऱ्यावर तो फेब्रुवारीत बरोबर आणि जुलैत चक्क चूक आहे. वाळलेल्या धान्याला पावसाळ्यात वारा नको, बंदिस्ती हवी. वारा हवा तो पेंढ्याला, कारण पेंढा काही डब्यात कोंबता येत नाही. या दोघांची सरमिसळ झाल्याने बरंच नुकसान होतं: भात उघड्या गोणपाटात आणि पेंढा ताडपत्रीखाली गच्च आवळलेला.

हवा किती दमट आहे हे ओळखायचं साधन तुमच्या स्वयंपाकघरात आहे. मीठ ७५ टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की पाणी सोडू लागतं. उरण-पेणच्या मिठागरांच्या शेजाऱ्यांना हे सांगायला नको. पत्र्याच्या डब्यातलं किंवा बरणीतलं खडेमीठ ओलसर दिसायला लागलं, की समजा आता उघड्यावरचं भातही ओलावा घ्यायला लागलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात हे दिसतं. तुमची बंदिस्ती त्याआधी, म्हणजे मृग लागायच्या आत झालेली हवी.

मिठाचाच दुसरा उपयोग दाण्याचा ओलावा तपासायला होतो. स्वच्छ, कोरडी, झाकणाची काचेची बाटली घ्या. त्यात उन्हात तापवून कोरडं केलेलं चमचा-दोन चमचे बारीक मीठ आणि तिसरा हिस्सा भरेल इतकं भात घाला. बाटली दोन मिनिटं हलवा आणि दहा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं किंवा त्याचे गठ्ठे झाले तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे. ते भात पुन्हा उन्हात जाईल. मीठ मोकळं राहिलं तर १५च्या खाली. मात्र ही चाचणी १५ टक्क्यांच्या उंबरठ्याचीच आहे, आपल्याला पोहोचायचं असतं १२-१३ला. त्यासाठी बाजारात मिळणारा छोटा आर्द्रतामापक घ्या. बरणी दोन तृतीयांश भाताने भरा, मापक आत ठेवा, झाकण घट्ट लावून रात्रभर सावलीत ठेवा. सकाळी आकडा ६५ किंवा त्याखाली असेल तर भात निर्धास्त भरा. ७०च्या वर असेल तर नाही. दाताखाली दाणा ‘कट्’ वाजतो का ही जुनी परीक्षा अनुभवी माणसाच्या हातात बरी चालते, पण वर्षाचा साठा तिच्या एकटीच्या भरवशावर ठेवू नये.

आता कापणीपासून येऊ. भात कापतो तेव्हा दाण्यात साधारण २० ते २२ टक्के पाणी असतं. शंभर किलो तसं भात १३ टक्क्यांपर्यंत आणायचं तर त्यातून आठ ते दहा किलो पाणी उडवावं लागतं. आपल्याकडे कापलेलं भात खाचरात धसकटांवर दोन-तीन दिवस पसरतात, मग भारे बांधून खळ्यावर आणतात. पूर्वी या पद्धतीला कोजागरीनंतरची उघडीप साथ द्यायची. आता तिचा भरवसा राहिलेला नाही. २०१९च्या ऑक्टोबरअखेरीला ‘क्यार’ चक्रीवादळाच्या पावसाने कोकणात कापून पडलेल्या भाताला खाचरातच मोड आले, ते अनेकांनी पाहिलं आहे. तेव्हा सगळं शेत एका दिवशी कापायचा मोह टाळा. दोन दिवसांत झोडून होईल तेवढंच कापा. हळवं, निमगरवं आणि गरवं अशी वाणांची विभागणी असेल तर हे आपोआप जमतं. उभ्या पिकाला पाऊस लागला तरी ते वाऱ्याने सुकतं. खाली पडलेल्याला तळातून ओल येते.

झोडणी-वारवणी झाल्यावर वाळवण. सकाळचं दव उडाल्याखेरीज पसरू नका आणि चारच्या पुढे खळ्यावर ठेवू नका. संध्याकाळी समुद्रावरची हवा आली की दिवसभराची कमाई जाते. थर दोन बोटांचा, फार तर तीन, आणि दर अर्ध्या तासाने पायाने किंवा फावड्याने परतलेला. उतावळेपणाने काळ्या ताडपत्रीवर किंवा डांबरी रस्त्यावर भर दुपारी तापवलेलं भात वरून वाळतं, आतून तडकतं. गिरणीत मग तांदूळ कमी आणि कणी जास्त पडते. बियाण्याचं भात तर अशा तापात मरतंच. ते वेगळं, सावकाश, सौम्य उन्हात वाळवा. आणखी एक गोष्ट घाईत नेहमी सुटते: उन्हातून उचललेलं गरम भात थेट डब्यात भरू नका. रात्री डबा गार झाला की आतली वाफ झाकणाखाली थेंब धरते आणि वरच्या वितीभर थराला बुरशी येते. सावलीत गार होऊ द्या, मग भरा.

हमीभावाच्या खरेदी केंद्रावर १७ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. तो विकण्याचा निकष आहे, घरात वर्षभर ठेवण्याचा नव्हे. ‘केंद्रावर पास झालं’ म्हणून उरलेलं तसंच कणगीत टाकणाऱ्यांची कणगी पुढे घाम सोडते.

नोव्हेंबर ते मे हा काळ निवांत. या महिन्यांत बांबूची, शेणामातीने लिंपलेली कणगी उत्तमच आहे. पूर्वी ती पावसाळ्यातही चालायची, त्यामागे एक कारण होतं जे आपण हरवून बसलो. चूल घरात पेटायची. तिची ऊब आणि धूर माळ्यापर्यंत जायचा, त्यामुळे घरातली हवा बाहेरच्यापेक्षा कोरडी राहायची आणि धुराने कीडही दबायची. आता गॅस आला, चूल परसात गेली, कौलांच्या जागी स्लॅब आला. भिंती पावसाळ्यात ओलावतात, लादीला घाम फुटतो. घर बदललं आणि कणगी तीच राहिली, तर दोष कणगीचा नाही. गॅस सोडून पुन्हा चूल पेटवा असं कोणी म्हणणार नाही, पण चुलीचं काम आता दुसऱ्या कशाने तरी करायला हवं.

ते काम दोन टप्प्यांत करा. मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, वळवाचे ढग जमायच्या आत, साठवलेलं भात पुन्हा एकदा दोन उन्हं दाखवा. चाळून कोंडा, माती, फुटके दाणे काढा. कीड आधी त्यांच्यात वस्ती करते. त्यानंतर बंदिस्ती. हवाबंद पिशवी, म्हणजे गोणीच्या आत बसणारी जाड प्लॅस्टिकची पिशवी, आता सहज मिळते. भात भरून हवा दाबून काढायची, तोंडाला पीळ घालून दुमडून दोनदा बांधायचं. आत उरलेला प्राणवायू किडीच आपल्या श्वासाने संपवतात आणि मरतात. औषध लागत नाही. पण ही पिशवी वाळलेल्या धान्यासाठीच. ओलं भात तीत भरलंत तर ते आंबेल. पिशवीला उंदराचे दात सोसत नाहीत, म्हणून ती पत्र्याच्या पिंपात ठेवणं बरं. नुसतं पिंप वापरणार असाल तर ते काठोकाठ भरा आणि झाकणाची फट चिकटपट्टीने बंद करा. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने काढलेली पुसा कोठी याच तत्त्वावर आहे: मातीच्या दोन भिंती आणि मध्ये प्लॅस्टिकचा थर. माती उष्णता अडवते, प्लॅस्टिक दमटपणा.

एकच मोठं पिंप भरून ठेवण्यापेक्षा पंधरवड्याला पुरेल अशा लहान पिशव्या भरा. मोठं भांडं दर दोन दिवसांनी उघडलं तर प्रत्येक वेळी जुलैची हवा आत जाते. उघडायचंच तर उघडीप बघून, दुपारी. आणि तांदूळ करून ठेवण्यापेक्षा भात ठेवा. तुसाचं कवच असतं तोवर दाणा जास्त टिकतो. गिरणीला महिन्याच्या महिन्याला न्या.

गोण्या ठेवायच्याच झाल्या तर त्या जमिनीवर नकोत. लाकडी फळ्यांचा किंवा बांबूचा वीतभर उंच माच, भिंतीपासून दोन हात अंतर. आणि गोणी कशाची होती ते बघून घ्या. मिठाची, खताची किंवा सुक्या मासळीची रिकामी गोणी कितीही झटकली तरी तिच्या धाग्यांत मीठ राहतं आणि ते आर्द्रता ओढत राहतं. किनाऱ्यावरच्या गावात हा धोका नेहमीचा, कारण अशा गोण्याच इथे सर्वांत स्वस्त.

जागेबद्दल एक इशारा. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड तालुक्यांत पत्रे आणि कौलं उडाली. अशा वेळी माळ्यावरचं धान्य आधी भिजतं. उलट उधाणात खारबांध फुटला किंवा नदीचं पाणी चढलं तर जमिनीवरचं आधी जातं. म्हणून सगळा साठा एका जागी नको: अर्धा वर, अर्धा खाली, आणि दोन्ही जलरोधक आवरणात. भिजलंच, आणि ते स्वच्छ पावसाचं पाणी असेल, तर उन्हाची वाट बघत ढीग घालून ठेवू नका. त्याच दिवशी पातळ पसरून पंखा लावा. तेही जमत नसेल तर उकडून टाका. उकडलेलं भात वाळवलं की तांदूळ खाण्याजोगा राहतो. पुराचं घाण पाणी शिरलेलं भात मात्र माणसाने खायचं नाही.

वालाची गोष्ट निराळी. भातानंतर खाचरातल्या ओलीवर घेतलेला वाल फेब्रुवारी-मार्चमध्ये घरात येतो, आणि भुंगेरा बहुतेकदा त्याच्याबरोबरच येतो. त्याची अंडी शेतात शेंगेवरच घातलेली असतात. साठवणीत गोल भोकं दिसतात तेव्हा भुंगेरा बाहेर पडून गेलेला असतो. कडधान्य ९-१० टक्क्यांपर्यंत, म्हणजे भातापेक्षा जास्त वाळवावं लागतं. खाण्याचा वाल कडक उन्हात पारदर्शक प्लॅस्टिकखाली पातळ पसरून दुपारचे दोन-तीन तास तापवला तर आतली अळी मरते. बियाण्याचा वाल असा तापवू नका. एका किलोला चमचाभर एरंडेल चोळणं किंवा चाळलेल्या कोरड्या राखेत वाल बुडवून ठेवणं ही आजीची रीत अजूनही तितकीच चालते. राखेने दाण्यांमधली जागा भरते, भुंगेऱ्याला हालचाल करता येत नाही.

किडीसाठी ‘गोळ्या’ आणणाऱ्यांना हात जोडून विनंती. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी हवेतल्या दमटपणाने विषारी वायू सोडते, आणि आपल्याकडे दमटपणाला तोटा नाही. तिचा वापर कायद्याने प्रशिक्षित माणसांपुरताच आहे. ज्या घरात माणसं झोपतात तिथल्या धान्यात ती कधीही टाकू नका.

आता गोठा. पेंढा वाळलेला आहे असं आपण धरून चालतो, पण झोडल्याबरोबर रचलेल्या पेंढ्यात बुडख्याकडे ओल असते. २० टक्क्यांच्या वर ओल असेल तर उडवी आतून तापते. रचल्यावर पहिले दोन आठवडे अधूनमधून एक लोखंडी सळई खोलवर खुपसून पाच-दहा मिनिटांनी काढा. हाताला चटका बसला तर उडवी मोडून पुन्हा वाळवा. उडवी जमिनीवर नको, माचावर हवी. डोकं निमुळतं, वरच्या पेंढ्यांची टोकं बाहेर उतरती, म्हणजे पाणी निथळून जाईल. ताडपत्री घालायची तर ती फक्त वर, छत्रीसारखी, बाजू मोकळ्या. चारही बाजूंनी गुंडाळलेल्या उडवीत वाफ कोंडते आणि सप्टेंबरमध्ये आतला पेंढा काळा निघतो.

काळ्या, बुरसटलेल्या पेंढ्याने होणारा एक आजार प्रत्येक म्हैसवाल्याला माहीत हवा. त्याला डेगनाला म्हणतात. फ्युजेरियम जातीच्या बुरशीचं विष शरीराच्या टोकांकडचा रक्तपुरवठा तोडतं: शेपटीचं टोक, कानाची पाळी, खुराच्या वरचा भाग गार पडतो, काळा पडतो आणि झडतो. भातपट्ट्यातल्या म्हशींत तो दिसतो. जनावर लंगडू लागलं, शेपटीचं टोक गार आणि बधिर लागलं, की पहिली गोष्ट तो पेंढा बंद करायची, दुसरी डॉक्टरांना बोलवायची.

खुराकात सर्वांत कमी टिकतो तो कोंडा. गिरणीतून निघाल्या क्षणापासून त्यातलं तेल खवट व्हायला लागतं, म्हणून स्वस्त मिळाला तरी पावसाळ्यात आठवड्याच्या वर साठवू नका. कढईत कोरडा भाजून ठेवला तर आणखी थोडे दिवस निघतात. पेंड आणि तयार पशुखाद्य घेताना पोतं दाबून बघा. ११ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा पशुखाद्यात नसावा असं भारतीय मानक आहे. ढेकळं हाताला लागली तर दुकानदाराने कितीही सूट दिली तरी परत करा. जून ते सप्टेंबर पंधरा दिवसांपेक्षा जास्त माल भरू नये आणि आधी आलेलं पोतं आधी संपवावं. कुक्कुटपालकांनी हे दुप्पट कडकपणे पाळावं, कारण कोंबडीला, त्याहून बदकाला, बुरशीचं थोडंसं विषही भारी पडतं. १९६०मध्ये इंग्लंडात एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले ते बुरशी आलेल्या शेंगदाणा पेंडीने, आणि अफ्लाटॉक्सिन हे विष जगाला त्या तपासातून कळलं. आपल्याकडे १९७४ साली राजस्थान-गुजरातच्या सीमेवर बांसवाडा आणि पंचमहाल भागात पावसात भिजलेला, बुरसटलेला मका खाऊन शंभरावर माणसं दगावली.

या विषाबद्दल गोठ्यात दोन गैरसमज आहेत. पहिला, ऊन दाखवलं की बुरशी जाते. बुरशीची भुकटी जाते, विष राहतं. ते चाळून जात नाही, धुऊन जात नाही, नेहमीच्या आचेवर शिजवूनही पुरतं मरत नाही. दुसरा, माणसाला नको ते जनावराला चालतं. गाय ते खाते आणि चोवीस तासांच्या आत त्याचा अंश दुधात उतरतो; दूध उकळूनही तो कमी होत नाही. खराब खुराक थांबवल्यावर दूध साफ व्हायला तीन-चार दिवस लागतात. म्हणजे आपण टाकून द्यायला जड गेलेली पेंड शेवटी घरातल्या लेकराच्या पेल्यात येते.

शंका असेल तेव्हा रोह्याजवळ किल्ला इथल्या कृषी विज्ञान केंद्रात धान्याचा नमुना दाखवून विचारा, खुराकासाठी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. नमुना पोत्याच्या वरून न घेता वर, मध्ये आणि तळाशी अशा तीन ठिकाणांहून घेऊन एकत्र करा, नाहीतर तपासणी वरच्या चांगल्या थराचीच होते. आणि खराब ठरलेली पेंड किंवा धान्य उकिरड्यावर टाकू नका. तिथे कोंबड्या चरतात. हातभर खोल खड्डा खणून पुरा.